तृतीयेचं पाणी

मला पंचांग कळतं याचा एके काळी मला फार ताठा होता. गर्वाचं घर खाली, असं आपण पोरांना सहज सांगून जातो. माझं ते घर खरंच खाली गेलं, पण माझ्या तोऱ्याची शिक्षा भोगायला खाली चिखलात उभा होता तो भलताच माणूस. त्या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. घरात हा विषय निघाला की मी उठून अंगणात जातो, असं परवा बायको सुनेला सांगत होती. ते कानावर पडलं, म्हणून आता लिहूनच टाकतो.

तेव्हा मी कल्याणास एका सरकारी कचेरीत कारकून होतो. आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी भात, मीठ, कौलं आणि इमारती लाकूड अजून पुष्कळसं खाडीनेच येई-जाई. बंदरावर उभं राहिलं की समोर दुर्गाडीचा पडका बुरूज दिसे आणि ओहोटी लागली की त्याच्या पायथ्याशी पाण्यातून हळूहळू वर येणारं एक मोडकं लढाऊ जहाज. मराठ्यांच्या आरमारातली ती गुराब. कोणी म्हणे फिरंग्यांच्या तोफेने बुडाली. कोणी म्हणे दुरुस्तीला म्हणून आणली आणि तेवढ्यात राज्यच गेलं, मग तिच्याकडे बघायला कोणी उरलं नाही. मला दुसरी गोष्ट जास्त खरी वाटे, कारण ती आमच्या लोकांच्या स्वभावाला धरून होती.

पाणी पुरतं उतरलं की तिच्या काळ्या सागवानी फासळ्या जेवून उरलेल्या माशाच्या काट्यासारख्या उभ्या दिसत. तोफांची तोंडं बाहेर काढायची दोन चौकोनी भोकं एका बाजूला अजून शाबूत होती. संध्याकाळी बंदरावर येणारे म्हातारे त्या भोकांकडे बोट दाखवून नातवंडांना शौर्याच्या गोष्टी सांगत, आणि तिच्यापायी गाळ साचून मालाच्या होड्या, म्हणजे पडाव, अडकले की त्याच म्हाताऱ्यांचे मुलगे कचेरीत अर्ज घेऊन येत. अशा अर्जांचा ढीग झाल्यावर साहेबाचा हुकूम सुटला. पावसाळ्याच्या आत गुराब उकलून काढावी, लाकूड फोडू नये, जपून सुटं करावं. देखरेखीला मला नेमलं.

कामाला मेस्तरी आणला तो ठाण्याचा. ख्रिस्ती, आणि पिढ्यान्‌पिढ्या सुतार. चाळिशीचा, ठेंगणा, रुंद खांद्यांचा, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. पहिल्या दिवशी त्याने एका फासळीवर हात फिरवला, नखाने खरवडून वास घेतला आणि म्हणाला की इतकी वर्षं चिखलात राहून सागाला काही झालेलं नाही, खाल्लंय ते खिळ्यांना. मी त्याला चिडवलं की तुमच्या फिरंग्यांवर तोफा डागणारं जहाज शेवटी तुमच्याच हातून मोडायची पाळी आली. तो हसला नाही. त्याचा पणजासुद्धा सुतारच होता, म्हणाला, आणि ही गुराब बांधायला तुमच्या लोकांनी त्यालाच धरून नेलं असेल, तर आज पणतू घरचंच काम उकलतोय. मला हे उत्तर आवडलं. आमचं तिथपासून जमलं.

त्याच्याबरोबर दोन करवतवाले होते. हत्यारं आणि माणसं न्यायला बंदरावरच्या एका म्हाताऱ्या कोळी तांडेलाची होडी घेतली होती, आणि सुटं लाकूड व सामान वाहायला एक पडाव. हा तांडेल दिवसभरात दहा शब्द बोलत असेल नसेल. कमी बोलणाऱ्या माणसांची मला पहिल्यापासून चीड आहे. ती आपल्याबद्दल काय विचार करतात ते कळत नाही.

काम फक्त ओहोटीचं. वरच्या तुळया आणि फासळ्या सोडवायच्या तर जहाजाचा कणा, ज्याला मेस्तरी पठाण म्हणे, तिथपर्यंत खाली जावं लागे. तो कणा गाळात रुतलेला, म्हणून त्याच्या बाजूने कंबरभर खोल चर खणला होता. मेस्तरी त्या चरात उतरून खिळे तोडायचा. गुराबीचं मागलं टोक खाडीच्या खोल पात्राकडे होतं, त्यामुळे भरती लागली की पहिलं पाणी त्या चरातच शिरे. पाणी केव्हा वळणार हे आधी माहीत असणं यावरच खाली उतरलेल्या माणसाचा जीव होता, आणि ते सांगायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं.

आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, उत्तर येईल तितक्या वाजता समुद्राला पूर्ण भरती. त्यात खाडी चढून कल्याणपर्यंत यायला पाण्याला लागणारा वेळ मिळवायचा, आणि तिथून मागे मोजत आलं की पाणी वळण्याची वेळ सापडते. मी रोज सकाळी कचेरीतलं घड्याळ खिशात घालून येई, पंचांग उघडी, मनातल्या मनात गुणाकार करी आणि बंदरावर टांगलेल्या पाटीवर मोठ्या अक्षरात वेळ लिही. त्या वेळेच्या पाव तास आधी मी हाक मारायची आणि सगळ्यांनी वर यायचं, असं ठरलं होतं.

तांडेलाची पद्धत निराळी. काल पाणी कधी वळलं ते त्याने पाहिलेलं असे, त्यात दोन घटका, म्हणजे पाऊणएक तास, मिळवल्या की झालं. मी त्याला विचारलं की एखादा दिवस तुम्ही आजारी पडलात आणि कालचं पाणी पाहिलं नाहीत तर काय कराल. तो म्हणाला, पोराला विचारीन. मी मोठ्याने हसलो आणि मेस्तरीला म्हणालो की बघा, अडाणीपणाचंही शास्त्र असतं. मेस्तरी तेव्हा थोडा ओशाळल्यासारखा झाला होता, हे मला आठवतं.

आठ-नऊ दिवस माझी पाटी चुकली नाही. पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे, एवढंच. मेस्तरीला लिहिता-वाचता फारसं येत नसे, पण आकडे येत. तो आल्याबरोबर पाटीकडे बघे आणि मान हलवून खाली उतरे. पुढे पुढे तर तांडेल काही सांगू लागला की तो पाटीकडे बोट दाखवी. मला त्यात किती सुख वाटे म्हणून सांगू. नाकाने कांदे सोलायची ही माझी जुनी खोड, आणि इथे तर कांदे सोलून झाल्यावर वाहवा करणारं माणूस मिळालं होतं.

मग माघी पौर्णिमा आली, शनिवारी. त्या दिवशी काम नीट झालं आणि मेस्तरी संध्याकाळच्या गाडीने ठाण्याला गेला, कारण रविवारी तो कामाला हात लावत नसे, मिस्साला, म्हणजे त्यांच्या देवळातल्या प्रार्थनेला, जाई. मलाही रविवारी सवड हवीच होती. माझ्या वडिलांची तिथी माघ वद्य द्वितीया. त्या वर्षी द्वितीयेचा क्षय होता, म्हणजे सूर्योदयाला ती कोणत्याच दिवशी सापडत नव्हती. रविवारी सकाळी प्रतिपदा, ती लगेच संपून दिवसभर द्वितीया, आणि सोमवारच्या सूर्योदयाच्या जरा आधी द्वितीया संपून तृतीया. भटजींनी श्राद्ध रविवारी करायला सांगितलं. मी त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला, पंचांग ओढून घेतलं, घटका-पळं स्वतः मोजली, आणि मगच मान्य केलं. म्हणजे द्वितीया कुठे गेली हे त्या दिवशी कल्याणात माझ्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी गुराबीकडे कोणी फिरकलं नाही. मी सोवळं नेसून घरात होतो, मेस्तरी ठाण्याला देवळात होता. बंदरावर होता तो एकटा तांडेल.

सोमवारी सकाळी खाडीवर धुकं होतं आणि थंडी चांगलीच बोचत होती. मी पंचांग उघडलं. वद्य तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. पुढचा हिशेब केला आणि पाटीवर साडेनऊ लिहिलं. शनिवारपासून वेळ बरीच पुढे सरकलेली दिसली, म्हणून बरंच वाटलं, कारण मागच्या टोकाची जड तुळई त्या दिवशी सुटी करायची होती. मेस्तरी पहिल्या गाडीने आला, त्याने पाटी पाहिली, आणि म्हणाला की मग आज हिला आडवी पाडतोच.

पावणेनऊच्या सुमाराला मी गुराबीच्या कडेला टाकलेल्या फळीवर उभा होतो. तुळईचं एक टोक अजून एका फासळीत अडकलं होतं, दुसऱ्या टोकाचे खिळे मेस्तरी चरात उभा राहून तोडत होता. करवतवाले वर होते. तांडेल आपली होडी चिखलावर टेकवून तिच्या काठावर बसला होता. तो उठला, पात्राच्या दिशेने चार पावलं गेला, वाकून पाण्यात हात घातला, आणि परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"पानी वललाय, रावसाब," तो म्हणाला. "मेस्तरीला वर घ्या."

पाणी वळलंय, म्हणजे भरती लागली. मी घड्याळ काढून त्याच्या नाकासमोर धरलं. अजून पाऊण तास आहे, म्हणालो. तो पुन्हा तेच बोलला. कालपण अमुक वेळेला वळलं होतं, आज त्याच्यापुढे दोनच घटका झाल्या, असं काहीतरी त्याने सांगितलं. मी ऐकून घेतलं नाही. एरवी मी त्याला अहो-जाहो करी, त्या दिवशी एकदम अरेतुरेवर आलो. तुला घड्याळ कळतं का, विचारलं. तुझ्या घटका तुझ्या घरी मोज, म्हणालो.

आमचा आवाज ऐकून मेस्तरीने खालून मान वर केली. त्याने तांडेलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, चालू द्या मेस्तरी, वेळ आहे. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा घण मारायला सुरुवात केली. हे पाच शब्द मी म्हटले नसते तर पुढे लिहायला काहीच नव्हतं.

दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. चरात पाणी शिरत होतं, ते मला वरून दिसलं नाही, कारण तळाशी नेहमीच थोडं साचलेलं असे. पाण्याने तुळईखालचा गाळ सैल झाला. वरचं टोक फासळीतून सुटलं, आणि ते अवजड लाकूड अगदी सावकाश, आवाज न करता घसरून खाली गेलं. आवाज झाला तो मेस्तरीचा. मी वाकून पाहिलं तर तो चरात उभाच होता, पण त्याचा डावा पाय गुडघ्याखाली तुळई आणि पठाण यांच्या मध्ये सापडला होता. चेहरा पांढरा पडला होता. पाणी त्याच्या गुडघ्यांवर आलं होतं.

करवतवाले उड्या टाकून खाली गेले. दोघांनी मिळून तुळई उचलून पाहिली, पहार लावून पाहिली. ती तसूभर हलली नाही. मेस्तरी दात चावून म्हणाला, कापा. मधोमध कापली तर दोन तुकडे हलके होतील. करवतवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की वेळ किती आहे. पुन्हा मलाच. मी घड्याळ पाहिलं, नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि डोळ्यांदेखत पाणी चढत असताना मी म्हणालो की पाणी वळायला अजून पंचवीस मिनिटं आहेत, हे आत शिरतंय ते कुठलं तरी ओहोळाचं पाणी असेल. माणूस किती आंधळा होऊ शकतो हे मला त्या दिवशी स्वतःवरून कळलं.

त्यांनी करवत चालवली. तांडेल काठावरून ओरडला की कापू नका, बांधा. त्याचं म्हणणं मला नंतर कळलं. कोळी लोक जाळ्यांसाठी खाडीत मोठे खुंट रोवतात, आणि ते उपटायचे असले की ओहोटीला खुंटाला होडी आखूड दोरीने घट्ट बांधून ठेवतात. मग भरती होडीला उचलते आणि होडी खुंटाला. माणसांना जे हलत नाही ते पाणी हलवतं. त्याला तेच करायचं होतं. पण तुळई अर्धी कापली गेली तर उचलताना ती कापल्या जागी मोडेल आणि पायावरचा तुकडा तसाच राहील.

करवत चार बोटं आत गेली आणि ओल्या लाकडाने तिला चिमटून धरली. ती पुढे जाईना, मागे येईना. पाणी मेस्तरीच्या कमरेवर आलं. मी पुन्हा घड्याळ काढलं, आणि मग, का कोण जाणे, कालचे पिंड माझ्या डोळ्यांसमोर आले. श्राद्ध काल झालं होतं. काल, प्रतिपदेच्या दिवशी. पंचांग प्रतिपदेवरून उडी मारून तृतीयेवर गेलं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ माझा गुणाकार. पण चंद्र उडी मारत नाही, पाणीही मारत नाही. ते कालच्यापेक्षा एकाच दिवसाने पुढे गेलं होतं. मी पाटीवर पाऊण तास जास्तीचा लिहिला होता. तांडेलाच्या दोन घटका बरोबर होत्या.

मी ओरडलो.

"करवत थांबवा. माझं चुकलं. भरती केव्हाच लागली आहे."

तांडेलाने होडी ढकलली, पाणी आता तिच्याखाली आलं होतं. आमचा सामानाचा पडाव थोड्या अंतरावर नांगरला होता, तो करवतवाल्यांनी ओढत आणला. होडी आणि पडाव तुळईच्या दोन बाजूंना उभे करून त्यांच्यावर आडवी एक जाड डोलकाठी टाकली. आता तुळईखालून दोर ओवून तो डोलकाठीला बांधायचा होता, आणि दोर ओवायचा तो करवतीच्या खाचेच्या अलीकडे, मेस्तरीच्या पायाला लागून. तिथे जेमतेम वीतभर जागा होती.

मी त्याच्या सर्वांत जवळ होतो. अंगरख्यासकट चरात उतरलो, पाणी छातीपर्यंत आलं, आणि श्वास कोंडून खाली वाकलो. गाळात काही दिसत नव्हतं. हाताला त्याचा पाय लागला, तो जिथे तुळईखाली जात होता ती जागा लागली. तिथे पायाचा आकार पायासारखा राहिलेला नव्हता. दोर घालताना माझ्या मनगटाचा त्याला धक्का लागला आणि पाण्यातसुद्धा मला त्याची किंकाळी ऐकू आली. दोनदा वर आलो, तिसऱ्यांदा दोर पलीकडे गेला. तांडेलाने तो ओढून इतका आखूड बांधला की डोलकाठी वाकली.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. पाणी वर येण्याची वाट बघायची. त्याचा जीव घ्यायला येत होतं तेच पाणी त्याला सोडवणार होतं, आणि दोन्हींपैकी आधी काय होईल ते तांडेलालाही सांगता येत नव्हतं.

मी मेस्तरीच्या मागे उभा राहिलो आणि त्याला काखेत हात घालून धरलं. कालचा सोवळ्यातला मी, आणि माझ्या खांद्यावर त्याचं डोकं. त्याचे दात वाजत होते. तो त्याच्या प्रार्थना म्हणत होता, मध्येच तुटत होत्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होता. पाणी त्याच्या काखेत आलं, मग खांद्यावर. तो माझ्यापेक्षा ठेंगणा होता, त्यात चरात खचलेला. होडी आणि पडाव दोरावर ताणले गेले, त्यांचे काठ खाली दबू लागले, लाकडं करकरू लागली, पण तुळई हलेना. गाळ तिला सोडत नव्हता.

पाणी त्याच्या गळ्याशी आलं तेव्हा त्याने मला विचारलं, अजून किती. सवयीने विचारलं असावं. मला माहीत नाही, असं मी म्हणालो. खरं होतं, पण इतकं वाईट उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही. त्याने मान मागे टाकली म्हणजे तोंड वर राहील. मी दोन्ही हातांनी त्याची हनुवटी उचलून धरली. पाणी त्याच्या कानांत शिरलं. काठावर आता बंदरावरचे लोक जमले होते.

होडीच्या काठावरून पाणी आत सांडायला लागलं. एक करवतवाला ओरडला की दोर सोडा, होडी बुडते. तांडेलाने त्याला हाताने बाजूला केलं, स्वतः होडीच्या पलीकडल्या काठावर जाऊन सगळं वजन तिकडे टाकून बसला, आणि सगळ्यांना तिकडेच यायला सांगितलं. होडी कलली. खालून मला एक हुंदक्यासारखा आवाज जाणवला, गाळ सुटल्याचा, आणि तुळई वर आली. खाचेपाशी ती मोडली, पण मोडली ती दोराच्या पलीकडे. पायावरचा भाग दोराला लटकून राहिला. मी मेस्तरीला मागे ओढलं आणि आम्ही दोघे पाण्याखाली गेलो. कोणीतरी माझे केस धरून मला वर काढलं. ते कोण होतं ते मला अजून कळलेलं नाही.

त्याला गाडीने ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माझ्या देखत नाही, पण मी बाहेरच्या ओट्यावर बसून होतो. मी फार धीराचा माणूस नाही, तिथे रडलो, आणि आपल्याला रडण्याचा हक्क नाही असं वाटून आणखी रडलो.

पंधरा दिवसांनी कचेरीतून चौकशी निघाली. मेस्तरीची जबानी मलाच घेऊन यायला सांगितलं, कारण देखरेख माझी होती. आमचे मोठे कारकून, भला माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाले की भरती अवेळी आली एवढं लिहून आण, समुद्राला कोणी कामावरून काढत नाही. त्या वेळी मला दोन मुलं होती, तिसरं होणार होतं. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. गाडीत बसून ठाण्याला गेलो.

मेस्तरी घरी खाटेवर उशाला टेकून बसला होता. वाळला होता. त्याच्या बायकोने मला बसायला पाट दिला आणि माझ्याकडे न बघता भिंतीशी जाऊन बसली. मी कागद काढला, दौत उघडली. मी काही विचारायच्या आत त्यानेच सुरुवात केली. कोणीतरी त्याच्याही कानावर घातलं असावं.

"लिवा, राव," तो म्हणाला. "पानी येलेच्या आधी आलं."

मी म्हणालो, नाही. पाणी त्याच्या वेळेवर आलं, वेळ मी चुकीची लिहिली होती. तांडेलाने सांगितलं, ते मी ऐकलं नाही, आणि तुम्हालाही ऐकू दिलं नाही. तेवढं लिहितो, म्हणजे निदान तुमच्या माथी काही येणार नाही.

पांघरूण जिथे सपाट झालं होतं तिथे तो हात ठेवून होता.

"तांडेलाचं सोडा," तो म्हणाला. "तो बोलायच्या आधीच माना समजलं व्हतं. टाचेला गार पानी लागलं. भरतीचं पानी कसं लागतं ते काय माना ठाव नाय? पन तुमी पाटीवर साडेनऊ लिवलं व्हतं. मी म्हटलं, माझी टाच चुकली आसंल."

भिंतीशी बसलेल्या त्याच्या बायकोने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. दोनदा शाई सांडली. वाचून दाखवलं, त्याने मान हलवली आणि खाली आपली निशाणी म्हणून क्रूस काढला. मग मी टाक घेतला आणि त्याच्या क्रुसाखाली, पाटीवरची वेळ माझी आणि चूकही माझी, एवढं लिहून माझं पूर्ण नाव घातलं.